बसावयाचे कोठे?

मराठी भाषेतील काही क्रियापदे दिसावयास मोठी साळसूद, पण पोटात भलतेच काही बाळगणारी अशी आहेत. ‘बसणे’ हे त्यांपैकी एक होय. मूल पाटावर बसते, कोंबडी अंड्यांवर बसते, घसा बसतो, घडी बसते. हे सारे वडील माणसांच्या देखत बोलावयास कोणाची हरकत नसते. परंतु दोन जुने मित्र रस्त्यात भेटतात, मुलाबाळांची चौकशी होते, आणि निरोप घेता घेता त्यांतला एक आवाज किंचित खाली आणून म्हणतो, ‘‘मग, एकदा बसू या की!’’ ह्या बसण्यास पाट लागत नाही की चटई लागत नाही. व्याकरणकार हे क्रियापद अकर्मक म्हणून सांगतात; पण त्याचे कर्म पेल्यात असते, हे ऐकणारास कोणी समजावून द्यावे लागत नाही.

आम्ही ह्या विषयातील अधिकारी पुरुष नव्हे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. वर्षाकाठी दोन-तीन वेळा, तेही कोणी फारच आग्रह केला तर, आणि आग्रह करणारा बिल देणार असेल तर विशेष आनंदाने, आम्ही बसतो. तेव्हा कोणते मद्य उत्तम व कोणते मध्यम, ह्याविषयी आमचा अभिप्राय कोणी विचारू नये. आम्हास सांगावयाचे आहे ते निराळेच आहे. बसावयाचे कोठे, हा वरवर पाहता अगदी किरकोळ वाटणारा प्रश्न सोडविता सोडविता गेल्या जानेवारीत सोलापुरास आम्हास स्वतःविषयीच एक गोष्ट कळली, आणि ती फारशी भूषणावह नव्हती.

सोलापूर हे आमचे जन्मगाव. नोकरीमुळे आयुष्य पुण्यास गेले, तरी आत्या अद्याप सोलापुरास असल्यामुळे वर्षातून एकदा तिकडे जाणे होते. त्या खेपेस सिद्धेश्वराच्या यात्रेचे मुख्य दिवस आटोपले होते. नंदीध्वजांची मिरवणूक होऊन गेली होती. पण होम मैदानावरचा गड्डा अजून उभा होता, आणि रात्री त्याच्या पाळण्यांचे दिवे दुरून दिसत होते. अशा दिवसांत बाहेरगावी गेलेला सोलापूरकर गावात हमखास सापडतो. त्याप्रमाणे आम्ही शाळेतले चौघे जण एकाच वेळी सापडलो. एक वकील, एक डॉक्टर, एक मास्तर आणि आम्ही. वकिलांनी प्रस्ताव मांडला, डॉक्टरांनी अनुमोदन दिले, मास्तर काही बोलला नाही, आणि न बोलणे म्हणजे संमती असे सभेच्या शास्त्रात ठरलेलेच असल्यामुळे ठराव सर्वानुमते पास झाला. संध्याकाळी सात वाजता सात रस्त्यावर जमावयाचे ठरले.

सात रस्ता हे ठिकाण अशा कामी फार सोयीचे व फार गैरसोयीचे आहे. सोयीचे अशासाठी की, गावाच्या कोणत्याही टोकाहून निघाले तरी तेथे पोचता येते. एक रस्ता स्टेशनाकडून येतो, एक विजापूरकडून, एक होटगीकडून, एक रंगभवनावरून शहरातून. बाकीचे मोजावयास जावे तर कधी एक कमी भरतो, कधी एक अधिक. गैरसोयीचे अशासाठी की, ज्या वाटांनी माणसे जमतात त्याच वाटांनी ती पांगावयासही तयार असतात. एकच रस्ता असता तर त्या रस्त्यावर जे पहिले दुकान लागेल तेथे आम्ही बसलो असतो व सुखी झालो असतो. सात रस्ते असल्यामुळे आम्ही चौघे रिक्षांच्या गर्दीत अर्धा तास उभे राहिलो, आणि चार डोक्यांतून पाच मते बाहेर पडली.

वकिलास मात्र गावातील एकूण एक ‘परमिट रूम’ पाठ होती. हे नाव मुळातच गमतीचे आहे. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला व १९५० सालच्या एप्रिलपासून सारे राज्य कोरडे ठरले. प्रकृतीसाठी ज्यांस मद्याची गरज आहे असे दाखला सांगे, त्यांस परवाना मिळे. आणि त्या काळी कित्येक धट्ट्याकट्ट्या गृहस्थांची प्रकृती एकाएकी नाजूक झाली असल्यास नवल नाही. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत बंदी सैल होत गेली. पण कायदा तसाच राहिला. त्यामुळे महाराष्ट्रात पिणारापाशी अद्यापही परवाना असावा लागतो, आणि परवानेवाल्यांनी जेथे बसावयाचे ती खोली म्हणजे परमिट रूम. एका दिवसाचा परवाना पुष्कळ वर्षे पाच रुपयांस मिळत असे. कडक मद्यासाठी वय पंचवीस पुरे लागते, बिअरसाठी एकवीस. आम्हां चौघांच्या वयांची बेरीज अडीचशेच्या पुढे जात होती, तेव्हा ती अडचण नव्हती. परवाना दाखवा म्हणून आमच्या उभ्या आयुष्यात आम्हास कोणी म्हटले नाही. मात्र वकिलाने आपला जन्मभराचा परवाना खिशातून काढून आम्हास दाखविला. पदवीचे प्रमाणपत्रही त्याने इतक्या अभिमानाने कधी दाखविले नव्हते.

पहिली निवड अर्थातच त्याची. चौकापासून शंभर पावलांवर ती जागा होती. आत शिरताच आमचा उजवा हात आमच्या डाव्या हातास दिसेनासा झाला. अंधार हा मद्यगृहाचा अलंकार का समजतात, हे आम्हास कधी कळले नाही. पूर्वी लोक लाजत असत म्हणून अंधार लागे. आता लाज गेली आणि अंधार तेवढा मागे राहिला. त्या अंधारात कोठून तरी गाण्याचे ठोके असे येत होते की, टेबलावरचे पाणी पेल्यातल्या पेल्यात थरथरत होते. वकिलाने ‘काय घेणार?’ म्हणून विचारले, ते आम्हास ‘कोठे उतरलास?’ असे ऐकू आले, व आम्ही ‘आत्याकडे’ म्हणून उत्तर दिले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी भेटलेल्या चार मित्रांनी एकमेकांच्या कानात ओरडत रात्र काढावयाची, ही कल्पना डॉक्टरांस पसंत पडली नाही. आम्ही उठलो.

दुसरी निवड डॉक्टरांची. त्यांची जागा शहराच्या अंगास होती, म्हणून रिक्षा केली. वाटेत हुतात्म्यांचे चार पुतळे लागले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ह्या चौघांस येरवड्याच्या तुरुंगात १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली. तो दिवस नुकताच होऊन गेला होता. रिक्षा वळणावर हळू झाली, तेव्हा मास्तर म्हणाला, ‘‘आपण चाललो आहोत कोठे आणि वाटेत भेटले कोण!’’ त्याच्या म्हणण्यातील खोच त्या वेळी आम्हा तिघांच्याही ध्यानात आली नाही असे नव्हे. ती आम्ही रिक्षाच्या आवाजात बुडू दिली.

कारण सोलापुरातील तो सारा प्रसंग शिंदीच्या झाडांपासूनच सुरू झाला होता. १९३० सालच्या मे महिन्याच्या पाच तारखेस गांधीजींस पकडल्याची बातमी आली. मद्यावरील कर हे सरकारच्या उत्पन्नाचे मोठे साधन; तेव्हा ताडी-शिंदीची झाडे तोडणे हा त्या वेळच्या चळवळीचा एक भाग झाला होता. ८ मे रोजी सोलापुरात लोक शिंदीची झाडे तोडावयास गेले, धरपकड झाली, पुढे गोळीबार झाला, चौक्या व कोर्ट जळाले. आणि १२ मेपासून ३० जूनपर्यंत गावावर मार्शल लॉ राहिला. दुसऱ्या कोठल्या गावाने दारूच्या झाडावर कुऱ्हाड उचलून एवढी किंमत दिली असेल असे आम्हास वाटत नाही. त्याच गावात आज संध्याकाळी बसावयाचे कोठे ह्याचा निर्णय लागत नव्हता! ह्याचा अर्थ हुतात्म्यांचे बलिदान फुकट गेले असा आम्ही करीत नाही. त्यांचे भांडण पेल्याशी होते त्याहून अधिक पेल्यावर राज्य चालविणाऱ्याशी होते. तरी पण त्या पुतळ्यांवरून जाताना आमची नजर सरळ समोर होती, एवढे कबूल करावयास पाहिजे.

डॉक्टरांची जागा पहिलीच्या अगदी उलट होती. तेथे इतका उजेड होता की, दाताच्या दवाखान्यात आल्यासारखे वाटले. भिंतींवर चार दूरदर्शन-संच, चारींवर क्रिकेट, आणि बसलेल्या प्रत्येक माणसाची मान वर. शेजारच्याशी बोलणारा एकही इसम दिसेना. असो, स्वच्छता मात्र होती, व डॉक्टर खुर्ची ओढून बसलेही. वेटर आला. तिघांनी आपापले सांगितले. मास्तर म्हणाला, ‘‘मला लिंबू सोडा.’’

वेटरने त्याच्याकडे न पाहता आम्हा तिघांकडे पाहिले आणि म्हटले, ‘‘साहेब, चौघांचं टेबल आहे. नुसत्या सोड्यावर खुर्ची देत नाही.’’

मास्तराच्या चेहऱ्यावर काय उमटले ते आम्ही पाहिले. वर्गात फी न भरल्याबद्दल उभे केलेल्या मुलाच्या तोंडावर उमटते तेच. चाळीस वर्षे मुलांस शिकवून निवृत्त झालेला हा माणूस, पण तो क्षणभर त्या मुलाएवढा झाला. वकिलास हे दिसले नसावे. तो स्वभावाने दुष्ट नाही. त्याने हसत हसत तोडगा सुचविला, ‘‘अरे, एक बिअर सांग की! पिऊ नकोस, नुसती समोर ठेव. शोभेला!’’ डॉक्टर हसले. आणि आम्हीही हसलो.

मास्तर उठून उभा राहिला. ‘‘तुम्ही बसा,’’ म्हणाला, ‘‘मी बाहेर जरा फेरी मारतो.’’ त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून आम्हा तिघांसही उठावे लागले. राग असता तर कदाचित आम्ही बसून राहिलो असतो.

बाहेर थंडी होती. गाडीवरच्या शेंगा घेऊन सोलीत सोलीत आम्ही पुन्हा सात रस्त्याच्या दिशेने पायी निघालो. वकिलास आपल्या विनोदाचे काहीसे वाईट वाटले असावे, कारण तो एकसारखा बोलू लागला. गावाबाहेर मोठ्या रस्त्याला एक उत्तम धाबा आहे, आपली मोटार आहे, अर्ध्या तासात पोचू, असे त्याने सुचविले. डॉक्टरांनी विचारले, ‘‘आणि परत येताना मोटार कोण हाकणार?’’ त्यावर वकिलाने सर्वोच्च न्यायालयाचा निकालच सांगण्यास आरंभ केला. अपघात फार होतात म्हणून १५ डिसेंबर २०१६ रोजी न्यायालयाने हुकूम दिला की, राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरांच्या आत दारूची दुकाने नकोत. १ एप्रिल २०१७ पासून बहुतेक ठिकाणी तो लागू झाला. लहान गावांसाठी अंतर कमी केले. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये शहरांच्या हद्दीतील दुकानांस मोकळीक मिळाली. मधल्या काळात केरळातील परवूर येथे एका बारवाल्याने महामार्गापासून आपल्या दारापर्यंत नागमोडी भिंतींची अशी वाट बांधली की, चालणाराचे अंतर आपोआप पुरे व्हावे. ह्या युक्तीचे वकिलास फार कौतुक वाटत होते. डॉक्टर म्हणाले, ‘‘आत येण्याची वाट लांब करून काय उपयोग? बाहेर पडण्याची सरळ पाहिजे.’’

‘‘तुम्ही डॉक्टर लोक सगळे सिंधूच्या बाजूचे,’’ वकील म्हणाला.

‘‘आणि सुधाकर वकीलच होता, हे विसरू नकोस,’’ डॉक्टरांनी उत्तर दिले. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले, त्याला शंभरांवर वर्षे होऊन गेली. तरी मराठी मध्यमवर्गात दारूचा विषय निघाला की त्या नाटकातील माणसे आपल्या नात्यातील असल्यासारखी मध्ये येऊन बसतात. आमच्या घरांत दारू बाटलीतून येण्यापूर्वी नाटकातून आली होती. आम्ही सिंधूसाठी रडलो, तळीरामाच्या मंडळास हसलो, आणि दोन्ही करून झाल्यावर घरी जाऊन निजलो. ज्यांच्या घरी तो प्रयोग महिन्याच्या महिन्यास होत असे, त्यांना तिकीट काढावे लागले नाही.

असा एक प्रयोग आमच्या शेजारच्या खोलीत होत असे. मास्तराचे वडील आणि आमचे वडील एकाच गिरणीत होते. ते साचेखात्यात, आमचे कचेरीत कारकून. चाळ एकच. त्या काळी सोलापूर भोंग्यावर उठे व भोंग्यावर निजे. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून एकामागून एक गिरण्या ह्या गावात उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांच्या चिमण्यांखाली मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसे एकाच नळावर भांडत होती. आता त्या गिरण्या बंद पडून गेल्या, भोंगेही गेले. पण पगाराच्या दिवशीचा भोंगा आम्हास अजून आठवतो. त्या दिवशी संध्याकाळी चाळीतील बायका दारात उभ्या राहत. काहींचे नवरे भाजीची पिशवी घेऊन येत. काहींचे येत नसत.

हे आम्हास माहीत होते. मास्तर काय पीत नाही व का पीत नाही, हे वकील व डॉक्टर ह्यांस माहीत असण्याचे कारण नव्हते. ते दुसऱ्या पेठेतले. आम्हास माहीत होते. बेत ठरत असताना आम्ही बोललो असतो तर चहाची, जेवणाची, नाही तर गड्ड्यावर फिरण्याची दुसरी कोणतीही योजना झाली असती. आम्ही बोललो नाही, कारण आम्हास बसावयाचे होते. आणि नंतर आम्ही हसलो.

सात रस्ता पुन्हा आला. पावणेनऊ झाले होते. वकिलाने हात टेकले व मास्तराकडे वळून म्हटले, ‘‘आता तूच सांग बाबा, बसायचं कुठं. तुला ह्यातलं काय कळणार म्हणा!’’

‘‘मला?’’ मास्तर शेंगेचे टरफल टाकीत म्हणाला, ‘‘ह्या गावातल्या बसायच्या जागा जितक्या मला ठाऊक होत्या, तितक्या तुम्हां तिघांना मिळून ठाऊक नसतील. दहा वर्षांचा असल्यापासून मी त्या निवडत आलो.’’

आम्ही गप्प राहिलो. तो सहज, वर्गात धडा सांगावा तसे सांगू लागला. ‘‘पगाराच्या दिवशी वडील वेळेवर आले नाहीत, की आई मला पाठवी. पाच गुत्ते होते. कोणत्या गुत्त्यात दारू चांगली, ते मला काय कळणार? मी मालकाचं तोंड पाहायचा. एका ठिकाणी मला उंबऱ्याच्या बाहेरच उभं करीत. दुसरीकडे म्हणत, ‘थांब जरा, अजून एक होऊ दे, मग ने.’ तिसरीकडे मात्र मालक स्वतः गल्ल्यावरून उठायचा. ‘ऊठ, पोरगं आलंय,’ म्हणायचा. आणि वडील आल्याबरोबर त्यांच्या पगारातले वीस रुपये त्यानं आधीच काढून घेतलेले असत. ते माझ्या सदऱ्याच्या खिशात घालायचा आणि खिशाला टाचणी लावायचा. ‘आईच्या हातात दे,’ म्हणायचा. वडील त्या गुत्त्यात गेलेले असले, की त्या महिन्यात माझी फी भरली जायची.’’

तो क्षणभर थांबला. ‘‘लोक विचारतात, तू देवाजवळ वडिलांची दारू सुटू दे म्हणून मागत असशील. मी नव्हतो मागत. एवढं मोठं मागायचं धाडसच नव्हतं. मी म्हणायचो, देवा, आज त्यांना तिसऱ्या गुत्त्यात बसव.’’

रिक्षावाले गिऱ्हाईकांस हाका मारीत होते. वकिलाने काही तरी म्हणण्यास तोंड उघडले व मिटले. शेवटी डॉक्टर म्हणाले, ‘‘मग आज तू आलास कशाला?’’

‘‘तुम्ही भेटणार होता म्हणून,’’ मास्तर म्हणाला. ‘‘देवळात भेटला असता, तर देवळात आलो असतो.’’

त्या फेऱ्यांपैकी एका फेरीस आम्ही त्याच्याबरोबर गेलो होतो. आम्ही गुत्त्याबाहेर खांबामागे उभे राहिलो आणि तो आत गेला, हे आम्हास स्वच्छ आठवते. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही कोणास काही सांगितले नाही. एवढे एक पुण्य आमच्या पदरी होते. त्या पुण्यावर आम्ही इतकी वर्षे स्वतःस त्याचा जवळचा मित्र समजत आलो. आणि ‘नुसती समोर ठेव’ ह्या तीन शब्दांस हसून ते त्या संध्याकाळी खर्ची टाकले.

‘‘चला,’’ मास्तर म्हणाला, ‘‘दाखवतो.’’ आणि तो आमच्यापुढे चालू लागला. पहिल्या परमिट रूमच्या दारात तो नुसता उभा राहिला, आत एक नजर टाकली व मान हलवून पुढे निघाला. दुसरीच्या दारातही तसेच. तिसरी जागा अगदी साधी होती. पाटीवरचा एक दिवा गेलेला, टेबलांवर पुसलेले रेक्झिन, कोपऱ्यात आवाज न होता चाललेला पंखा. दाराजवळच्या गल्ल्यावर एक वयस्क गृहस्थ बसले होते. त्यांच्यासमोर एक तरुण उभा होता व त्याच्या पायांचे आणि जमिनीचे फारसे पटत नव्हते. गृहस्थ त्यास म्हणत होते, ‘‘गाडी इथंच राहू दे. किल्ली सकाळी ने. रिक्षा बोलावलीय.’’ असे म्हणून त्यांनी खण उघडला. खणात आणखी दोन-तीन किल्ल्या होत्या, आणि प्रत्येकीस दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधलेली होती.

‘‘इथं बसू,’’ मास्तर म्हणाला.

एवढी एकच गोष्ट त्याने पाहिली होती. तिच्या मानाने आमच्या साऱ्या कसोट्या आम्हास पोरकट वाटू लागल्या. उजेड किती, आवाज किती, खुर्ची मऊ की टणक, दर काय, ह्या गोष्टी निरर्थक आहेत असे नव्हे. चार माणसांनी बसावयाचे तर एकमेकांचे तोंड दिसले पाहिजे व शब्द ऐकू आला पाहिजे. व्हिएन्नाकडे नव्या द्राक्षांचे मद्य तयार झाले म्हणजे घरधनी दारावर देवदाराची डहाळी टांगतो व तिच्यावरून लोक आत शिरतात, असे आम्ही वाचले आहे. आपल्याकडे डहाळीच्या जागी रंगीत पाटी असते. पण पाटी, उजेड, दर ही सारी आत जाणाराने पाहावयाची चिन्हे होत. मास्तर पाहत होता ते बाहेर येणारास काय होते ते. कायदा वय पाहतो, परवाना पाहतो, रस्त्यापासूनचे अंतर टेपेने मोजतो; नाटक प्याल्याकडे बोट दाखविते; घरी वाट पाहणाऱ्या माणसाच्या बाजूने दुकानाकडे पाहणारा मात्र क्वचित भेटतो. आम्हास तो शाळेपासून ठाऊक होता, आणि त्याचे मत आम्ही सर्वांत शेवटी विचारले.

आम्ही बसलो. पोऱ्याने पहिल्याने मास्तराचा लिंबू सोडा आणून ठेवला, आणि आमच्यासारख्याच पेल्यात. जेवण घरगुती चवीचे होते. ज्वारीची कडक भाकरी, वर शेंगाचटणी, तीवर तेल, आणि तोंडी लावावयास कांदा. सोलापूरकरास ह्याहून अधिक सांगावे लागत नाही. वकिलाने दुसऱ्या खेपेस आपणही लिंबू सोडा मागविला व त्यावर एक अक्षरही बोलला नाही. वकिलाच्या मौनाची किंमत ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्याचे महत्त्व कळेल. डॉक्टरांनी आपला एकच प्याला संपविला व पेला उपडा ठेवला. गणिताचे मास्तर, गॅदरिंगमधील फजिती, गड्ड्यावर हरवलेली चप्पल, सारे काही निघाले. मास्तर सर्वांत जास्त हसला. न पिणारा माणूस बैठकीचा रंग घालवितो असे म्हणतात. आमचा अनुभव असा की, त्यास नीट बसावयास मिळाले तर तोच तो राखतो.

मधून मधून आम्ही त्याची क्षमा मागण्यासाठी एक वाक्य जुळवीत होतो. ते जुळत आले, इतक्यात त्याने चटणीची वाटी आमच्याकडे सरकविली आणि म्हटले, ‘‘घे, पुण्यात अशी मिळत नाही.’’ वाक्य राहून गेले. ते अद्याप राहिलेलेच आहे. हा लेख त्याच्या वाचनात आला तर त्यास ते येथे सापडेल.

साडेदहाच्या सुमारास सात रस्त्यावर आम्ही चौघे चार वाटांनी पांगलो. वकिलाने मोटार तेथेच ठेवली व किल्ली मुकाट्याने खणात दिली. आम्ही घरी पोचलो तेव्हा आत्या जागी होती. तिचे वय नव्वदीस आले आहे. तीही त्याच चाळीत राहिलेली.

‘‘कुठं होतास रे इतका वेळ?’’

ह्या वयात आत्याशी खोटे बोलण्यात अर्थ नव्हता. आम्ही सरळ सांगितले.

आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, ‘‘तो साचेवाल्यांचा मुलगा होता का बरोबर?’’

‘‘होता.’’

‘‘मग बरं झालं,’’ असे म्हणून आत्याने दिवा मालविला.